गाळी म्हणजे काय

आमच्या गच्चीवरच्या बाथरूमला आधी खिडकी होती. फूटभर उंच, दीड फूट रुंद, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. ती मी बुजवली. गवंड्याला अर्धा दिवसही लागला नाही. डॉक्टरांपासून, पोलिसांपासून, वरच्या खोलीतल्या मुलीच्या वडिलांपासून मी सगळ्यात आधी लपवलं ते हेच. म्हणून आता सुरुवात तिथूनच करतो.

मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड. दोन्ही भाषा मला सारख्याच येतात आणि दोन्हींत मी सारखाच कमी बोलतो. तरुणपणी बंगळूरला आलो, यशवंतपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो, बनशंकरीच्या पुढे तीस बाय चाळीसची साइट, म्हणजे प्लॉट, घेऊन टप्प्याटप्प्याने घर बांधलं. पन्नाशी उलटली आणि कारखाना बंद झाला. मुलगी तेव्हा नुकतीच नोकरीसाठी पुण्याला गेलेली. उरलो आम्ही दोघं आणि गच्चीवरची एक खोली. त्या खोलीच्या भाड्यावर घर चालायला लागलं, आणि मग चालेना. तेव्हा मी बाथरूमच्या पलीकडे आणखी एक खोली काढली. जयनगरचा एक कपडेवाला ऑनलाइन विक्री करायचा, त्याला माल ठेवायला जागा हवी होती. त्याची एकच अट होती, मालाला ओल लागता कामा नये. बाथरूमची खिडकी नेमकी त्याच्या खोलीत उघडत होती.

"बाथरूम कोंदट होईल की हो," बायको म्हणाली होती.

मी म्हणालो, पंखा बसवू. बसवला नाही.

या शहरात खोली बघायला येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो अ‍ॅडव्हान्सचा. पूर्वी इथे भाड्याच्या दहापट रक्कम घरमालकाकडे ठेवावी लागायची, आता पाच-सहा पटीवर आली आहे. ती बिनव्याजी आमच्याकडे पडून असते, आणि सोडून जाताना रंगकामाचे म्हणून महिन्याभराचं भाडं कापून उरलेली परत द्यायची, असा रिवाज. द्यायची की नाही हे शेवटी मालकाच्या हातात. त्यामुळे ही मुलं तक्रार करत नाहीत. नळ गळतो, सांगत नाहीत. भिंतीला ओल येते, सांगत नाहीत. आईबापांकडून आणलेली ती रक्कम आपल्यापाशी आहे, हे त्यांना दिवसरात्र ठाऊक असतं. आम्हालाही असतं.

ती मुलगी नागपूरची. चोवीस वर्षांची. आधी ऑफिसजवळ पीजीत राहायची, एका खोलीत चौघी, जेवण बेचव, आणि दर सहा महिन्यांनी भाडं वाढलेलं. जयनगरच्या बाजारात बायको माझ्याशी कोथिंबिरीवरून वाद घालत होती, ते ऐकून ही मागून आली. "काकू, तुम्ही मराठी?" आठ दिवसांत ती आमच्याकडे राहायला आली. आमच्याकडे भाडं कमी होतं, अ‍ॅडव्हान्स चारच महिन्यांचा, आणि भाषा घरची. त्यासाठी ती रोज दोन बस बदलून दीड तास जायची आणि दीड तास यायची.

ती बोलकी होती. तिच्या बोलण्यात सारखं 'करून राहिली', 'येऊन राहिली' असायचं आणि बायको त्यावर हसायची. रविवारी खाली येऊन बसली की आठवड्याचं सगळं सांगायची. ऑफिसच्या कॅन्टीनपेक्षा बाहेर उभ्याने इडली खाणं कसं स्वस्त पडतं. मैत्रिणींच्या वाढदिवसाला नाही म्हणायला ती काय काय कारणं शोधते. धाकट्या भावाची फी तीच भरते, हे मात्र एकदाच सांगितलं, जाता जाता. "काकू, माझा पगार ऐकून घरचे म्हणतात आपली पोरगी साहेब झाली. इथे मी शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून हलवून राहिले."

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. त्या पाण्याने गच्चीवरचा विजेचा गिझर तिसऱ्यांदा जळला तो थंडीच्या तोंडावर. नवा घ्यायचा तर वायरिंगही बदलावं लागणार होतं. चौकातल्या दुकानदाराने गॅसचा गिझर सुचवला. स्वस्त, पाणी लगेच तापतं, आणि सिलिंडर भाडेकरूचा. हे शेवटचं मला पटलं. मुलीला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. नाही म्हणण्यासारखी तिची परिस्थितीच नव्हती, हे तेव्हाही मला कळत होतं.

दुकानातून मेकॅनिक आला. चाळिशीचा, बारीक, कानावर पेन्सिल ठेवलेली. त्याला फक्त कन्नड यायचं. मी खाली मोटरपाशी होतो आणि मुलगी वर त्याला बाथरूम दाखवत होती. वरून त्याचा आवाज वाढत गेलेला मला ऐकू आला. मग ती तरातरा जिना उतरून आली. चेहरा लाल.

"काका, हा तुमचा माणूस मला शिव्या देऊन राहिला."

मी विचारलं, काय म्हणाला?

"गाली बेकू, गाली बेकू! बेकू म्हणजे पाहिजे, तेवढं येतं मला. भिंतीवर हात आपटून विचारून राहिला तो, गाली पाहिजे का म्हणून."

तिच्या मागोमाग तोही उतरला, हातात पाना. तो मला कन्नडमध्ये म्हणाला, "अण्णा, त्या बाथरूमला गाळी नाही. गाळी पाहिजे, असं मी या मुलीला सांगतोय, तिला कळत नाही. तुम्ही सांगा."

कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा. हवा.

मला हसू आलं. खरंच आलं, कारण चूक गमतीची होती. शिवीगाळ म्हणतो आपण, त्यातलाच तो शब्द वाटावा, आणि हिंदीत तर गाली म्हणजे शिवीच. नागपूरच्या मुलीला दुसरं काय वाटणार? पुढचं वाक्य तोंडात तयार होतं: अगं, तो हवा म्हणतोय. एवढं म्हणालो असतो तर तिघंही हसलो असतो. आणि मग तिने विचारलं असतं, हवा कशाला? आणि मला त्या बुजवलेल्या चौकोनाकडे बोट दाखवावं लागलं असतं.

ते वाक्य मी गिळलं.

तिला मराठीत म्हणालो, "जाऊ दे गं, या लोकांची बोलायची तऱ्हाच तशी. मी त्याला समज देतो."

त्याला कन्नडमध्ये म्हणालो, आता बसवून टाक, सोमवारी गवंडी बोलावून भोक पाडून घेतो. तो तयार होईना. भोक पाडल्याशिवाय बसवू नये असा नियम आहे, म्हणाला. मी दुकानदाराची ओळख सांगितली. शेवटी तो वर गेला आणि बसवून आला. निघताना मला पुन्हा बाजूला घेऊन म्हणाला, भोक पडेपर्यंत तरी तिला सांगा, आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, आणि मगच आत जाऊन दार लावायचं. गिझर चालू ठेवून आत थांबायचं नाही. मी "सरी" म्हणालो. आपल्याकडे बरं म्हणतात तसं. कबूल केल्यासारखं.

मुलगी म्हणाली, "थँक्यू काका. तुम्ही होते म्हणून."

सोमवारी गवंडी आला नाही, कारण मी बोलावलाच नाही. भोक पाडलं तर वाफ कपडेवाल्याच्या खोलीत जाणार, माल भिजणार, तो खोली सोडणार. आणि बादलीचं ते एक वाक्य? ते सांगायला मला काय लागत होतं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता तो प्रश्नासारखा वाटतही नाही. सांगितलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. बस, एवढंच.

पण मी विसरलोही नव्हतो. हे मी कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी ती आंघोळीला गेली की मी टाकीतलं पाणी बघायच्या निमित्ताने गच्चीवर जायचो. टाकीपाशी उभा राहून पाण्याचा आवाज ऐकत राहायचो. आवाज थांबला आणि कडी निघाली की खाली. कधी ती केस धुवायची, वेळ लागायचा, तेव्हा मी टाकीचं झाकण उघडायचो, पुन्हा लावायचो. एकदा मी मुद्दाम बादली आपटली, आतून ती "कोण?" म्हणाली, तेव्हा बरं वाटलं. बायको म्हणायची, इतकी कसली काळजी त्या टाकीची? मी म्हणायचो, पाणी काय फुकट आहे?

दोनेक आठवड्यांनी मुलगी बायकोला म्हणाली की सकाळी डोकं फार दुखतं, बसमध्ये मळमळतं. बायको म्हणाली, ओले केस घेऊन पळतेस, दुसरं काय होणार? ती तिला आल्याचा चहा करून द्यायला लागली. त्या वेळी मी पलीकडे पेपर वाचत होतो. पेपर तसाच धरून बसलो. कॉम्प्युटरसमोर बसून होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मुलीनेही तेच स्वतःला सांगितलं होतं. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता, भाडं किती वाढेल याची तिला धास्ती होती. अशा वेळी कोण म्हणेल, काका, तुमचं बाथरूम बघून घ्या?

तो रविवार होता. ती नेहमीपेक्षा उशिरा उठली होती. खाली टँकर आला, म्हणून मी पाइप धरून हौदापाशी होतो. टँकर गेला. मी पाइप गुंडाळला, टँकरवाल्याशी पैशांवरून झालेली बाचाबाची डोक्यात घोळत होती. तेवढ्यात गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाकडे लक्ष गेलं. पाणी धो-धो येत होतं. इतकं महागाचं पाणी नुसतं सोडून दिलं आहे, असं मनात येऊन मी रागारागाने जिना चढलो.

हे असंच झालं. मी पाण्यासाठी वर गेलो, तिच्यासाठी नाही. अर्ध्या जिन्यात ध्यानात आलं की पाणी बराच वेळ वाहतंय. मग मी दोन-दोन पायऱ्या घेत वर गेलो.

दार ठोठावलं. आत तिच्या मोबाइलवर गाणं चालू होतं. हाक मारली. पुन्हा मारली. आणि मग मी जे केलं ते म्हणजे थांबलो. आत परकी तरुण मुलगी आंघोळ करतेय, मी घरमालक पुरुष, आजूबाजूच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणारी माणसं. मी बायकोला हाक मारली. तिचे गुडघे दुखतात. ती एकेक पायरी चढत वर येईपर्यंत मी त्या दारासमोर हात बांधून उभा होतो. तीन मिनिटं असतील, चार असतील. प्लॅस्टिकचं दार होतं ते, एका लाथेत मोडण्यासारखं. बायको आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडली, "बघताय काय, मोडा की!" तेव्हा मोडलं.

आत वाफ, जड, घशाला धरणारी. ती भिंतीला टेकून कोसळलेली. चेहरा गुलाबी होता, आजारी माणसासारखा पांढराफटक नव्हता, त्यामुळे मला क्षणभर वाटलं की काही झालेलं नाही. बायकोने तिला चादरीत गुंडाळलं. मी गॅस बंद केला. कोपऱ्यावरचा रिक्षावाला धावत आला आणि आम्ही तिला आडवं घालून नेलं. वाटेभर बायको तिच्या गालावर चापट्या मारत होती. मी तिचे पाय धरले होते. थंड होते. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा मी मनात काय म्हणत होतो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. ती वाचू दे, असं म्हणत होतो, आणि त्याच दमात, तिने काही सांगायला नको, असंही.

इस्पितळात डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, गॅसचा गिझर आहे का? दुसरा, बाथरूमला खिडकी आहे का?

मी म्हणालो, "लहान आहे."

तिला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी तिने डोळे उघडले. आईचं नाव घेतलं, मग बराच वेळ नुसती छताकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण कोंदट बाथरूममध्ये गिझरच्या विषारी वायूने मेंदूला हवा कमी पडली आहे, पुढचे काही आठवडे काय होतं ते बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. माझ्याच वयाचे, हातात एक पिशवी, प्रवासाने चुरगळलेला शर्ट. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. "तुम्ही नसते तर आमची पोरगी गेली असती." मग जरा सावरून, शेजारी बसून, हळूच म्हणाले, "दाराचे पैसे तुम्ही अ‍ॅडव्हान्समधून कापून घ्या बरं का. संकोच करू नका." मी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, मी नको म्हणतोय.

इस्पितळाने कळवल्यामुळे पोलिसांकडून हवालदार आला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. मुलीला आणि वडिलांना कन्नड येत नव्हतं. तेव्हा मध्ये मी बसलो. खुर्ची तिच्या पलंगाला लावून. हवालदार मला कन्नडमध्ये विचारायचा, मी तिला मराठीत, ती बोलली की मी पुन्हा कन्नडमध्ये. ती सावकाश, शब्द शोधत बोलत होती. हवालदाराने विचारलं, गिझर बसवणाऱ्याने काही सूचना दिली होती का?

ती म्हणाली, "सूचना नाही दिली. शिव्या दिल्या. काकांनी त्याला झापलं."

मी कन्नडमध्ये सांगितलं. सूचना दिली नाही. शिव्या दिल्या. शब्दाला शब्द. इतकं चोख भाषांतर मी आयुष्यात केलं नव्हतं. 'काकांनी त्याला झापलं' हेही सोडलं नाही.

हवालदाराने मान वर केली. "तो मेकॅनिक म्हणतो, त्याने सांगितलं होतं. मुलीलाही, तुम्हालाही."

मी म्हणालो, मी खाली मोटरपाशी होतो. आवाजात काही ऐकू आलं नाही.

त्याने ते लिहून घेतलं. मी सही केली.

आठवड्याने वडील तिला नागपूरला घेऊन गेले. मी अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत केला, रंगकामाचंही काही कापलं नाही. ते म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी तो चांगुलपणाने नाही, भीतीने दिला होता. तिथून पुढे भीतीच होती. फोन वाजला की मी बायकोला उचलायला लावायचो. फाटकाशी मोटारसायकल थांबली की मी स्वयंपाकघरात. रात्री आडवा झालो की कानात पाण्याचा आवाज. मी एकदा फोन केला, तर वडील म्हणाले की तिला शब्द आठवत नाहीत, भात चुलीवर ठेवला की विसरते, बटण लावताना बोटं अडतात. ऑफिसने किती दिवस थांबायचं, असं विचारलं आहे.

त्याच दिवशी मी पुण्याला माझ्या मुलीला फोन लावला. तीही तिथे कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. दोन वर्षांत मी तिला भाडं किती एवढंच विचारलं होतं.

"तुझ्या बाथरूमला खिडकी आहे?"

ती हसली. बाबा, हे काय मध्येच? मी म्हणालो, आहे की नाही तेवढं सांग. आहे, म्हणाली. उघडते का? उघडते हो, बाबा. काय झालं?

फोन ठेवला तर बायको दारात उभी होती. मीच सांगायला लागलो, मोटर, मेकॅनिक, गाळी, बादली, टाकीपाशी उभं राहणं. सगळं ऐकून ती खाली बसली.

"मी तिला आल्याचा चहा करून देत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही बघत होतात."

त्यानंतर तीन दिवस ती माझं ताट झाकून ठेवायची आणि आधीच जेवून घ्यायची.

चौथ्या दिवशी नळाचा वायसर आणायला चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने आपणहून सांगितलं, त्या मेकॅनिकला काढून टाकलं. दोन दिवस पोलिसांत बसवला होता त्याला. "लेडीज गिऱ्हाइकाला शिव्या देतो म्हणजे काय? आमचं नाव खराब होतं." माझ्यावर उपकार केल्यासारखं तो सांगत होता. आता कुठे असतो, मी विचारलं. यशवंतपूरला, घाऊक बाजारात, कांद्याची पोती उतरवतो म्हणे.

वायसर न घेताच मी घरी आलो. बायकोला म्हणालो, उद्या पोलिसांत जातो. ती म्हणाली, "उद्या कशाला?"

तोच हवालदार होता. मी खिडकीपासून सुरुवात केली. तो मध्येच पेन थांबवून म्हणाला, "अण्णा, तुम्ही आधी लिहून दिलंय, ऐकू आलं नाही म्हणून." मी म्हणालो, ऐकू आलं होतं. कळलंही होतं. त्या खोलीत तो, मी आणि एक म्हातारी बाई तक्रार द्यायला थांबलेली. ती माझ्याकडे वळून बघायला लागली. त्याने नवा कागद घेतला. आता गुन्हा माझ्यावर आहे. वकील म्हणतो, इतकं सगळं सांगायची गरज नव्हती. पुढे काय होईल ठाऊक नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. तारखेच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही.

मग नागपूरला त्या मुलीला फोन केला. आधी वडिलांना सांगितलं. ऐकून त्यांनी फोन तिच्याकडे दिला. तिला मी गाळीचा अर्थ सांगितला. बादलीचं वाक्य सांगितलं, जसं त्याने सांगितलं होतं तसं. मला वाटलं, कळलं नसेल, पुन्हा सांगावं. तेवढ्यात ती बोलली, अजून तशीच सावकाश.

"म्हणजे मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

मी म्हणालो, तू नाही, मी.

"त्याला सांगाल? की मी मुद्दाम नाही केलं म्हणून. मला खरंच तसं ऐकू आलं होतं."

मला शिवी नाही, क्षमा नाही. फक्त निरोप दिला.

यशवंतपूरच्या बाजारात मी त्याला शोधत फिरलो. ट्रकांच्या रांगा, पायाखाली कांद्याची सालं. तो पाठीवर पोतं घेऊन फळीवरून उतरत होता. मला बघून त्याने पोतं टाकलं आणि दोन पावलं मागे सरकला. हा आता आणखी काय घेऊन आला, अशी त्याची नजर होती. भीती मी ओळखली. गेले काही आठवडे ती माझ्या घरात राहत होती.

मी म्हणालो, खरं काय ते लिहून दिलं आहे, दुकानदारालाही सांगितलं आहे, तो परत बोलावतो म्हणतो. त्यावर त्याने नुसतं थुंकल्यासारखं केलं. मग मी मुलीचा निरोप सांगितला. तो ऐकताना त्याने डोक्यावरचं फडकं काढलं, तोंड पुसलं.

"ती आता पाणी कशावर तापवते?" त्याने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. विचारा, तो म्हणाला. तिथेच, त्या गोंगाटात, मी फोन लावला. तिने उचलला.

"आई गॅसवर तापवून देते, बादलीत," ती म्हणाली. "पण दार लावायची हिंमत होत नाही, काका. नुसतं लोटते. आई बाहेर स्टूल टाकून बसते आणि दर दोन मिनिटांनी हाक मारते. मी ओ दिली की मग तिला बरं वाटतं."

मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, नाही अशी.

"दोन मिनिटं फार होतात," तो म्हणाला. "आईला म्हणावं, सारखं बोलत राहायचं."

फोन चालूच होता. मी ते मराठीत सांगितलं.